तांबडटेक चढेल अशी चकती

रणजीतला गावात सायकलवाला म्हणून कुणी ओळखत नव्हतं. रंगरावांचा मुलगा, यशवंतरावांचा पुतण्या, आणि चाकणला कंपनीत डिस्पॅचला असतो तो, एवढीच त्याची ओळख. गाव चाकण रस्त्याला लागूनच. शेतं कधीच गेली होती. त्यांच्या जागी शेड, वजनकाटे आणि भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या, आणि जुन्या घरांतली माणसं डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट बघत कमानीपाशी थांबत होती. नाही म्हणायला एक तुकडा तसाच राहिला होता, कारण त्यावर कधी काही पिकलंच नव्हतं. घरामागचा तांबडटेक. मुरमाची लालसर टेकडी, सगळ्या भाऊबंदांच्या सामाईक नावावरची. घाणेरी, थोडी खैराची झाडं, बाभळी, आणि गुरं होती तेव्हा गुरांनी पाडलेली एक पायवाट.

रणजीत दहावीत असताना रंगराव गेले. त्यानंतर त्याचं शिक्षण, नोकरी, पिंपळे गुरवची पूनम बघून तिच्याशी लग्न, सगळं यशवंतरावांनी केलं. त्यांना तो नाना म्हणायचा. नानांना कधी उलट बोलावं असा प्रसंग त्याच्या आयुष्यात आला नव्हता, आणि आला असता तरी तो बोलला असता का, सांगता येत नाही. मुळात तो कमी बोलणारा. डिस्पॅचला दिवसभर ड्रायव्हर, लोडर, सुपरवायझर एकमेकांवर ओरडत असायचे आणि हा मधे उभा राहून गाड्या लावून द्यायचा.

सायकल आली ती साखरेमुळे. कंपनीच्या तपासणीत साखर काठावर निघाली, आणि पूनमने धोशा लावला, "अहो, काहीतरी करा. चाला तरी." चालायचा त्याला कंटाळा. शेवटी चिंचवड स्टेशनजवळ प्राजक्ताच्या दुकानातून त्याने डोंगरात चालणारी गिअरची सायकल घेतली. प्राजक्ताच्या वडिलांचं साध्या सायकलींचं दुकान होतं, ते आता ती चालवायची आणि स्वतःही सुट्टीला मावळातल्या वाटांवर सायकल घेऊन जायची.

पहिल्या रविवारी रणजीत रस्त्याने निघाला. दोन ट्रेलर अंगाला घासून गेले तसा परत फिरला, आणि घरामागे तांबडटेकाच्या पायवाटेवर चाक घातलं. तीच त्याची वाट झाली.

चढण तशी फार मोठी नव्हती. सुरुवातीला गवताचा सरळ तुकडा, मग लाल मुरमाचं एक वळण, आणि वळणानंतर उघडा कातळ, तो थेट माथ्यापर्यंत. अवघड होतं ते वळण. उन्हाळ्यात तिथला मुरूम पायाखाली छर्ऱ्यांसारखा सरकायचा आणि पावसाळ्यात त्याचा चिकट गोळा चाकाला धरून बसायचा. त्या चिखलाने आणि दगडांनी मागचा गिअर ज्याला लटकतो तो हँगर दोनदा मोडला. तिसऱ्यांदा मोडला तेव्हा बरोबर ज्ञानेश होता. हा कंपनीतला त्याचा मित्र, मूळचा लातूरकडचा, काळेवाडीत राहणारा. ज्ञानेशने चेन तोडून आखूड केली आणि मागच्या एकाच दातेरी चकतीवर जोडून दिली.

"घरापर्यंत तर जाशील भावा," तो म्हणाला. "हळू मार."

रणजीत घरापर्यंत गेला आणि मग घरावरून पुढे टेकाच्या पायथ्यापर्यंत परत गेला. गिअर नाहीत, मागे लटकणारं काही नाही, कुठला खडखडाट नाही. चेन अशी गुपचूप चालत होती की टायरखाली खडा फिरलेला ऐकू येत होता. दुसऱ्या आठवड्यात त्याने प्राजक्ताला सांगितलं, गिअर दुरुस्त करू नका, एकच चकती बसवा.

"हौस आहे ना, मग बसवू," प्राजक्ता म्हणाली. "पण दादा, एक लक्षात घ्या. मागच्या चकतीला दात जास्त, तेवढी चढाला सायकल हलकी. पण सपाटीवर नुसते पाय गरगर फिरतात. दात कमी केले तर सपाटीवर पळते, चढाला गुडघे काढते. सगळ्या रस्त्यांना पुरेल अशी एक चकती नसते. तुम्ही कुठल्या वाटेसाठी निवडणार, ते सांगा."

"आमच्या घरामागं टेकडी आहे," रणजीत म्हणाला. "तिच्यासाठी."

पुढे बत्तीस दातांची चकती होती, ती राहू दिली. मागे अठराची लावली. अठरावर तो गवताचा तुकडा झोकात चढला आणि वळणावर गचकन थांबला. पाय टेकला. पुढच्या रविवारी तिथेच, त्याच्या पुढच्याही रविवारी तिथेच. मग वीसची लावली. आता पायात जोर उरत होता, पण जोर लावायला उभा राहिला की मागचं चाक जागच्या जागी फिरून मुरूम उडवायचं. प्राजक्ताने टायर बघितला आणि म्हणाली, वरची रबराची बटनं फार बारीक आहेत, झिजलीतही. मोठ्या बटनांचा रुंद टायर घालू, आणि हवा कमी ठेवा, टायर जमिनीला धरून बसला पाहिजे. हवा कमी केली तर बाभळीचे काटे घुसायचे. मग टायरमध्ये काट्याचं भोक बुजवणारं औषध घातलं. हे सगळं करण्यात एक अख्खा पावसाळा गेला. पूनम हसायची. "साखर राहिली बाजूला," ती नानांच्या बायकोला, शालनकाकूंना सांगायची, "आता घरात नुसते दात आणि हवा चाललेत."

दिवाळीनंतरच्या एका सकाळी ते जमलं. वळणावर तो उभा राहिला नाही. बसूनच, अंग पुढे टाकून, अगदी सावकाश पाय दाबत राहिला. टायरने मुरूम धरला. चाक एकदा सरकल्यासारखं झालं आणि पुन्हा लागलं. मग कातळ आला, कातळावर तर रबर चिकटूनच बसतं, आणि तो पाय न टेकता माथ्यावर पोचला. तिथे कुणी नव्हतं. खाली कंपन्यांची पत्र्याची छपरं उन्हात पांढरी दिसत होती आणि त्यांच्या पलीकडे रस्त्यावर गाड्यांची रांग. रणजीत छातीतला भाता शांत होईपर्यंत उभा राहिला. ओरडावंसं वाटलं, पण तो ओरडला नाही. घरी येऊन पूनमला म्हणाला, "चढलो आज."

"कुठं?"

"वर."

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि कणीक मळता मळता हात धुऊन त्याला चहा करून दिला.

तो हिवाळा त्याचा सुखाचा गेला. वीस दातांची चकती, मागे मोठ्या बटनांचा टायर, अंगठ्याने दाबलं तर जरासा दबेल इतकी हवा. टेकाला काय लागतं ते त्याला कळलं होतं आणि ते त्याच्यापाशी होतं.

मार्चमध्ये एका रविवारी नानांनी त्याला बोलावलं. नानांच्या बैठकीत चुलत भाऊ जमले होते. टेबलावर कागद होते. शालनकाकूंनी चहा आणून ठेवला.

"बस रणजीत," नाना म्हणाले. "तांबडटेकाचं ठरलंय. वेअरहाउसवाल्यांला जागा पाहिजे, पन सपाट करून पाहिजे. आधी मुरूम निघंल, मंग ते बांधतील. परवानगीचं समदं रीतसर हाय. सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुझी तेवढी राह्यलीया."

"सगळीच टेकडी, नाना?"

"मंग काय अर्धी ठिवायची?" एक भाऊ हसला. नाना हसले नाहीत. ते म्हणाले, "तुझं काय म्हननं असंल तर बोल बाबा. मनात ठिवू नगं. सामाईक हाय, तुझाबी तेवढाच हक हाय."

आणि रणजीत बोलण्यासाठी कारण शोधू लागला. गुरं असती तर गवताचं कारण सांगता आलं असतं. वर देव असता तर देवाचं. झाडं होती, पण त्यांच्यासाठी कुणी थांबावं अशी नव्हती. भावांपैकी एकाच्या मुलीचं कॉलेज होतं, एकाला घर वाढवायचं होतं, नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पैशांवाचून लांबत आलं होतं. 'मी तिथं सायकल चालवतो' हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं. त्याने मनातल्या मनात ते त्या बैठकीत ठेवून पाहिलं. चहाच्या कपांमध्ये ते इतकं पोरकट दिसलं की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"बोल की," नाना म्हणाले. खरंच वाट बघत म्हणाले.

"काही नाही, नाना."

त्याने सही केली. नानांनी दरडावलं असतं, फसवलं असतं, तर रागावता तरी आलं असतं. ते तर विचारत होते.

घरी पूनम म्हणाली, "नको होतं तर बोलायचं होतंत ना."

"काय बोलायचं होतं?"

ती आत कणीक मळायला गेली. तिलाही सुचलं नव्हतं.

पंधरवड्यात पोकलेन आलं. पहिल्यांदा पलीकडच्या अंगाने काम सुरू झालं, तेव्हा रणजीतला वाटलं, आपल्या बाजूला यायला वेळ आहे. मग मुरूम वाहणाऱ्या हायवा डंपरना वर न्यायला रस्ता हवा म्हणून त्यांनी वळणच सरळ कापून काढलं. चढ एकदम उभा झाला. वीसवर रणजीत तिथे निम्म्यातच थांबला.

आता कुणीही सांगितलं असतं की बाबा, सोड. त्याने काय केलं, तर चिंचवडला जाऊन प्राजक्ताला बावीस दातांची चकती मागितली.

"वीसवर तर चढत होता ना?" ती म्हणाली.

"चढ थोडा वाढलाय."

बावीसची दुकानात नव्हती, मागवावी लागली. ती येईपर्यंत हायवांनी येऊन जाऊन तोच रस्ता दाबून, खालून भर घालून, लांबट उताराचा करून टाकला होता. चकती बसवून रणजीत पायथ्याशी आला आणि बघतो तर काय, चढ लोण्यासारखा मऊ. बावीसवर पाय नुसते गरगर फिरले. तो माथ्याकडे पोचला, पण ते चढणं नव्हतं. वर कातळाच्या कडेला, पुढे कुठवर फोडायचं त्याच्या चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात तो दाबलेला रस्ताही उकरला गेला. मागे सुटा मुरूम राहिला, घोट्याएवढा खोल, आणि मागचा टायर त्यात रुतायला लागला. तो पुन्हा प्राजक्ताकडे. तिने फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद टायर घातला, दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा राहिली. तो टायर घेऊन आला तेव्हा सुटा मुरूम भरून नेलेला होता आणि खाली निळसर टणक खडक उघडा पडला होता, पोकलेनच्या दातांनी ओरखडलेला. तिथे असला टायर नको होता. दर वेळी तो टेकाला हवं ते आणायचा आणि दर वेळी टेक पुढे निघून गेलेला असायचा.

ज्ञानेश एकदा बरोबर आला. ते बघून त्याचं डोकं फिरलं.

"अरे, कुणी विचारायलंय का नाही? तहसीलला अर्ज टाकू. मी येतो तुझ्याबरोबर. काय करायलेत हे लोक!"

"परवानगी आहे," रणजीत म्हणाला.

"कुणी दिली? मालकांची सही लागती त्याला."

"माझी पण आहे."

ज्ञानेशने त्याच्याकडे बघितलं. त्याला रागावायचं होतं, पण रणजीतचा चेहरा बघून त्याने हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं, आणि म्हणाला, "चल राव, चहा घेऊ." त्यानंतर तो घोराडेश्वरच्या डोंगरातल्या वाटांवर जायला लागला. रणजीतला बोलवायचा. रणजीत म्हणायचा, येईन पुढच्या रविवारी.

मेमधल्या एका सकाळी रणजीत सायकल घेऊन गेला आणि वाटेवरच, म्हणजे वाट होती तिथे, उभा राहिला. समोर पोकलेनचा हात वर गेलेला. मशीन थांबलं. ऑपरेटर केबिनमधून वाकला. गंगाखेडकडचा, रणजीतच्याच वयाचा माणूस.

"भाऊ, बाजूला व्हता का जरा? वरनं दगड यायलेत. तुम्हाला लागलं तर माझ्यावर येईल."

रणजीत हलला नाही. तो काही ठरवून उभा नव्हता. पाय निघत नव्हते, एवढंच. ऑपरेटरने मशीन बंद केलं, खाली उतरला, आणि जवळ येऊन सायकलच्या हँडलला हात लावत अदबीने म्हणाला, "काही अडचण हाय का? मी तर रोजावर हाय, भाऊ. मालक कोण हायेत इथले, त्यांना बोला ना तुम्ही."

"मालकांपैकी एक मीच आहे," रणजीत म्हणाला.

ऑपरेटरने हँडलवरचा हात काढला. "मग थांबवू का?" त्याने विचारलं.

रणजीतच्या घशाशी 'हो' आलं होतं. थांबवलं असतं तर किती वेळ? नानांना फोन गेला असता, नाना त्या गुडघ्यांनी चालत आले असते, आणि विचारलं असतं, काय झालं बाळा, बोल.

"नको," तो म्हणाला. "चालू दे."

ऑपरेटरनेच सायकल उचलून दगडांवरून पलीकडे ठेवून दिली. वर "पाणी प्या जरा," असंही म्हणाला.

पाऊस सुरू व्हायच्या आत काम संपवायचं होतं. कातळ ब्रेकरने फोडायला लागले तेव्हा घरातली भांडी फडताळात थरथरायची. पूनम दारंखिडक्या लावून घ्यायची तरी सगळीकडे लाल धूळ बसायची. एका संध्याकाळी आवाज थांबल्यावर नाना काठी टेकत रणजीतच्या दारी आले. "चल रं, जरा बघून येऊ."

दोघे हळूहळू मागे गेले. टेकाचा अर्धा तुकडा अजून उभा होता, केक कापावा तसा उभा कापलेला, आणि वर कडेला एक खैराचं झाड मुळं लोंबकळत राहिलेलं. नानांनी काठीने त्या कापलेल्या कडेकडे दाखवलं.

"मला वाटलं व्हतं, वरचं वर काढतील," ते म्हणाले. "असं दिसंल हे काय डोक्यात आलं न्हाई." मग म्हणाले, "तुझी ती सायकल चढती का रं अजून?"

रणजीतने चमकून त्यांच्याकडे बघितलं. नानांना ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक असणार, खिडकीतून टेक दिसायचाच.

"चढायला राहिलंच कुठं काय, नाना."

"त्या दिवशी बोलला असतास तर," नाना म्हणाले, आणि थांबले. काठीने मुरमाचा एक खडा हलवला. "तरी काय केलं असतं म्हना मी. समदी माझ्या तोंडाकडं बघत व्हती. मी तरी कुनाकुनाला न्हाई म्हननार व्हतो?"

ते वाक्य ऐकून रणजीतचा उरलासुरला रागही गेला, आणि त्याला अगदी रिकामं वाटलं. राग होता तोवर निदान काहीतरी होतं. त्याने नानांचा हात धरला, कारण परतीच्या वाटेत खड्डे फार होते.

प्राजक्ताला त्याने फोटो दाखवला तो जूनमध्ये. तो पुन्हा काहीतरी विचारायला गेला होता, तेवीस-चोवीस दातांची मिळते का असं काहीतरी, आणि ती वैतागून म्हणाली, "दादा, ती वाट नक्की आहे तरी कशी? दर वेळी वेगळंच सांगता." त्याने फोन पुढे केला. तिने फोटो मोठा करून बघितला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"अहो, मग चकत्या कशाला बदलताय?" ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता.

"दुसरं काय बदलणार?" रणजीत म्हणाला.

ती काउंटरवरचा पाना पुसत राहिली. मग तिने त्याला मावळातल्या वाटा सांगितल्या, कुठे किती चढ, कुठे कसली माती. "शनिवारी आमचा ग्रुप जातो, या ना. त्या वाटांसाठी बघू काय लावायचं ते." तो हो म्हणाला. एका शनिवारी गेलाही. वाट चांगली होती, झाडं होती, माणसं चांगली होती. चढावर त्याचा पाय टेकला आणि त्याला काहीच वाटलं नाही. पुन्हा तो गेला नाही.

पावसाळ्यानंतर टेकाच्या जागी सपाटी झाली, सपाटीभोवती पत्रे लागले, आणि पत्र्यांच्या आत लोखंडी खांब उभे राहिले. कंपनीच्या बसची वेळ बदलली होती, पहिल्या पाळीला फार लवकर निघावं लागायचं. तेव्हा एक दिवस रणजीत चिंचवडला गेला आणि म्हणाला, "ताई, कंपनीत जायला वापरायची आहे आता. सर्व्हिस रोडने."

"मग सोपं आहे," प्राजक्ता म्हणाली आणि लगेच ओठ चावला. तिने बावीसची चकती काढून सोळाची लावली. मोठ्या बटनांचे टायर काढून गुळगुळीत, अरुंद टायर घातले आणि हवा कडक भरली. या वेळी निवडायला काही वेळ लागला नाही. काढलेले टायर तिने दोरीने बांधून दिले. त्याने ते घरी नेले नाहीत. ज्ञानेशला देऊन टाकले. ज्ञानेश नको नको म्हणत होता, पण घेतले.

आता तो सकाळी साडेसहाला निघतो. साखर आटोक्यात आहे, पूनम समाधानी आहे. गावच्या कमानीपाशी कधीकधी नाना खुर्ची टाकून बसलेले असतात, ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सकाळी झोप येत नाही. ते हात वर करतात. सोळाची चकती सुरुवातीला जड जाते, म्हणून रणजीतला पहिले चार-सहा पाय उभं राहून मारावे लागतात आणि तेव्हा हँडल सोडता येत नाही. तो मान हलवतो. मग सायकल पळायला लागते, ट्रेलरच्या रांगेला खेटून, आणि तो वेळेवर पोचतो.